सहा इंच

मुहित्तिन उस्ता सहा इंची झांज
बोटाच्या टोकावर तोलतो,
काडीने कडेला नुसता स्पर्श करतो
आणि बघतो माझ्याकडे.

झांजेकडे नाही. माझ्याकडे.

हे ध्यानात यायला मला अडीच वर्षं लागली.

साम्सुन बंदराच्या मागे, मासळीबाजाराला वळसा घालून
चढणाऱ्या गल्लीत आमची भट्टी.
चार भाग तांबं, एक भाग कथील,
उरलेल्या उस्ताच्या शिव्या.
लोक मागतात वीस इंची, बावीस इंची.
त्या थोरल्या; मारल्या की आधी खाकरतात,
मग ऐसपैस पसरतात,
चहाचा पेला रिकामा झाला तरी
कोपऱ्यात त्यांची घूं चालूच.

धाकट्यांना एवढी सवड नसते.
दहा इंची जरा रेंगाळते, च्छ म्हणून वर एक अ लावते.
आठ इंची नुसता च्छ.
सहा इंची म्हणजे
काळ्या समुद्रात हम्सीचा थवा वळताना
एकाच मासळीचं पोट चमकावं,
चमकलं म्हणेतो पाणी पुन्हा काळं.

ड्रमवाले हिला स्प्लॅश म्हणतात.
पाण्याशी तिचं नातं त्यांनाही कळलेलं दिसतं.

पातळ हवी. जाड राहिली तर घंटी होते,
एकच सूर धरून बसते हट्टी पोरासारखी.
सूर नकोच असतो मुळी.
सगळे एकदम यावेत, एकदम उठून जावेत.
"निरोप घ्यायला शिकव तिला," उस्ता म्हणतो,
मी लेथवर आणखी केसभर कासं उतरवते.
कीस भुवयांत बसतो.
घरी आई म्हणते, पोरीला सोनं लागलंय.

गुलिझार हानिम ऑर्दूहून आली, घोंगडीत
अठरा इंची गुंडाळून. दोन चिरा,
एक कडेपासून चार बोटं आत, दुसरी भोकाशी.
नवरा लग्नात वाजवायचा.
"जोडून द्या."
उस्ता म्हणाला, कासं जुळत नाही, बाई. कापता येतं.
मी कंपास फिरवला.
निरोगी जागा निघाली सहा इंच,
नेमकी तिथली, जिथे काड्यांचे वण होते.
"एवढीच?"
"एवढीच."

कापली, तापवली, मधे घुमट ठोकला, किसली.
चौथ्या दिवशी उस्ताने बोटावर तोलली.
माझ्या डोळ्यात कीस गेला होता.
देवाशपथ, परीक्षा बघायची नव्हती मला.
डोळे मिटले होते, तेवढ्यात
च्छ

आणि झालं. भट्टीचा श्वास,
खाली कोणीतरी बर्फ फोडतंय.
डोळे उघडले तर उस्ता तसाच,
काडी अधांतरी,
बोट सुटल्यावर धक्क्यावर उभं राहावं तसा,
माझ्या पापण्यांची वाट बघत.

"वाजली?" त्याने विचारलं.
अडीच वर्षांत पहिल्यांदा शब्दांत.

"वाजली," मी म्हटलं. "गेलीसुद्धा."

गुलिझार हानिम म्हणाली, पुन्हा.
पुन्हा मारली. ती हसली नाही, रडली नाही,
तिचा हात मात्र
कानामागची केसांची बट सारायला उठला,
कोणी हळूच फुंकर मारल्यासारखा.
उस्ताने ते बघितलं
आणि शिक्का उचलला.

झांज तिच्या कोटाच्या खिशात मावली.
घोंगडी तिने तरी दोन्ही हातांनीच नेली.

उरलेलं कासं खिळ्यावर टांगलंय,
भोक पडलेलं, दोन चिरांचं,
सोमवारच्या वितळीत जाईल.
काल दार ओढताना मागे ऐकू आलं:
उस्ता एकटाच त्याला काडी लावत होता.
खर्र. खर्र.
फुटक्या पराती घासल्यासारखं, विचित्र, जाडंभरडं.

तो मान डोलावत होता.
मी कुलूप हातात धरून
जरा वेळ पायरीवरच बसले.